जास्तीच्या सत्तावीस गोण्या

निवृत्तीनंतर नवीन जालन्यात फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरनं पेढ्याचा बॉक्स पुढं केला आणि मी खिशातून हातोडी काढली. सगळ्या खोल्यांच्या भिंती वाजवून पाहिल्या. न्हाणीघरातल्या दोन फरशा पोकळ बोलल्या, त्या बदलून घेतल्या आणि मगच पेढा खाल्ला. तोही अर्धाच, कारण खवा शिळा वाटला. बायको म्हणाली, "अहो, माणसानं किती संशयी असावं?" मी म्हटलं, "ह्याच संशयावर आपलं घर चाललं." उरलेला अर्धा पेढा तिनं खाल्ला आणि तिला काही झालं नाही.

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात मी शाखा अभियंता होतो. सगळी नोकरी भोकरदन, जाफराबाद आणि घनसावंगी ह्या तालुक्यांत गेली. शाळेच्या खोल्या, आरोग्य उपकेंद्रं, अंगणवाड्या, ग्रामपंचायतीची कार्यालयं अशी माझी कामं. ठेकेदार मला पाठीमागं हातोडीसाहेब म्हणत. तोंडावर काय म्हणत ते सांगण्यात अर्थ नाही, तोंडावर सगळे गोडच बोलतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सरकारी इमारत सरकार बांधतं. अहो, सरकार एक वीटसुद्धा रचत नाही. आम्ही अंदाजपत्रक करतो, निविदा निघते आणि जो सगळ्यात स्वस्तात करून देतो म्हणेल त्याला काम मिळतं. आता मला सांगा, घरच्या लग्नात तुम्ही गावातला सगळ्यात स्वस्त आचारी शोधता का? सरकार शोधतं. आणि मग तो वरणात पाणी किती ओततो हे बघायला माझ्यासारखा एक माणूस उभा करतं. त्या एका माणसाकडं एकाच वेळी वीस-बावीस वरणं असतात. तो कुठं कुठं पळणार?

लहान कामांची गोष्ट आणखी मजेची. ती निविदेविना वाटतात. काही मजूर संस्थांना, काही बेरोजगार अभियंत्यांना, सोडतीनं. पोरांच्या हाताला काम मिळावं म्हणून काढलेली सोय, चांगलीच आहे. पण प्रत्यक्षात लायसन पुतण्याचं, काम काकाचं आणि काकानं ते तिसऱ्यालाच दिलेलं. उद्या स्लॅब गळाला तर ज्याच्या नावावर काम आहे तो पुण्यात कंपनीत नोकरीला. त्यामुळं कुठल्याही कामावर गेलो की मी इमारत नंतर बघायचो, आधी मागचा माणूस शोधायचो.

लोकही एकेक नग भेटले. स्लॅब टाकताना त्याच मालातून सहा इंची ठोकळे भरून ठेवायचे असतात. महिनाभर पाण्यात ठेवून ते प्रयोगशाळेत यंत्राखाली फोडायचे. किती दाबाला फुटले त्यावरून स्लॅबची ताकद कळते. घनसावंगीकडं एक ठेकेदार होता, त्याचे ठोकळे जन्मात नापास झाले नाहीत. मला ते बघवेना. एक दिवस न सांगता त्याच्या घरी गेलो, तर परसातल्या हौदात चाळीसेक ठोकळे मुरत पडलेले! घरच्या घरी, भरपूर सिमेंट घालून केलेले. काम कुठलंही असो, ह्यातलेच तीन उचलायचे आणि पाठवायचे. गडी जराही ओशाळला नाही. म्हणाला, "साहेब, आपलं लेकरू पास व्हावं असं कोणाला वाटत न्हाई? बसा, चहा घ्या." मी चहा घेतला नाही. ठोकळे मात्र सगळे हातोडीनं कोपरे उडवून निकामी केले.

दुसरी गोष्ट गोण्यांची, आणि खरं सांगायचं ते ह्याच गोण्यांचं आहे. किती स्लॅबला किती सिमेंट लागतं ह्याचा हिशेब ठरलेला असतो. तेवढं सिमेंट खरंच पडलं का, हे बघायला ठेकेदारानं रिकाम्या गोण्या जपून ठेवायच्या आणि आम्ही त्या मोजायच्या. शंभर लागणार असतील तर शंभर रिकाम्या दिसल्या पाहिजेत. लोकांनी त्यावर तोड काढली. सिमेंट ऐंशीच गोण्या वापरायचं आणि वीस रिकाम्या जालन्यातून विकत आणून गठ्ठ्यात घुसवायच्या. एकदा असा गठ्ठा मी उलटा केला तर आतून मक्याचे दाणे पडले. "सिमेंटच्या गोणीत मका कसा?" म्हटलं, तर ठेकेदार म्हणतो, "उंदरानं आणला असंल, साहेब." त्या दिवसापासून मी माझी पद्धत सुरू केली. भरलेली गोणी कामावर आली की तांबड्या ऑईलपेंटनं तिच्यावर खूण करायची. एक गोल, मध्ये टिंब. माझ्या खुणेशिवायची गोणी फोडली तर काम बंद. ह्या खुणेनं माझं नाव जिल्ह्यात झालं, आणि मला त्याचा गर्व होता. उगाच कशाला नाही म्हणू?

तर हसनाबादच्या पुढं एक गाव आहे. तिथं शाळेच्या दोन खोल्या मंजूर झाल्या आणि सोडतीत काम निघालं सुवर्णा नावाच्या मुलीला. त्याच भागातल्या शेतकरी घरातली, इंजिनिअर झालेली, वय पंचवीसच्या आतबाहेर. पहिलंच काम. स्कुटीवरून यायची, तोंडाला स्कार्फ, डिकीत टेप आणि ओळंबा. मी मनात म्हटलं, झालं, आता हिच्या मागचा काका शोधा.

पहिल्या दिवशीच विचारलं, "मॅडम, काम कोण बघणार?"

"मीच, सर."

"ते कागदावर झालं. खरं कोण?"

"खरं पण मीच करून राह्यले, सर. तुम्ही काहीबी विचारा."

मी विचारलं की! सळईचा कव्हर किती, पाण्याचं प्रमाण किती, कॉलमची रिंग किती अंतरावर. सगळं बरोबर सांगितलं. म्हणजे कोणीतरी चांगलं पढवून पाठवलंय, असं मी ठरवलं. गवंडी होते गफूरमिस्त्री, जुने माणूस, माझ्या ओळखीचे. त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "मिस्त्री, मालक कोण?" ते म्हणाले, "वहीच है, साब. ही पोरगी. कोपऱ्याला काटकोनाचा गुण्या लावला न्हाई तर मला खेकसते, बिलकुल ऐकत न्हाई." मी म्हटलं, मिस्त्रीलाही बांधलं वाटतं.

मग माझी नजर गेली तिच्या बापावर. दगडूबा त्यांचं नाव. धोतर, टोपी, अक्षरशत्रू माणूस. रोज सकाळी यायचे आणि सिमेंटच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायचे. कोण किती गोण्या नेतो ते बोटांच्या पेरांवर मोजायचे. मला वाटलं, हाच तो. मी त्यांच्याशी बोलायला बसलो तर त्यांनीच सगळं सांगितलं. "साहेब, घरात समदे म्हणून राह्यले, सोयरीक बघा, पोरीच्या जातीला ठेकेदारी कशाला? म्या म्हणलं, हे एक काम होऊ द्या. साहेबाचा चांगला शेरा पडला तर पोरगी आपली आपली कामं करंल. वाईट पडला तर मंग म्या तिला बोहल्यावर उभी करतो, बोलणार न्हाई." माझ्या शेऱ्यावर त्या मुलीचं पुढचं सगळं लटकलं आहे हे मला त्या दिवशीच माहीत झालं होतं. मी काय समजलो? साहेबाला पाझर फुटावा म्हणून म्हातारा कहाणी रचतोय.

कॉलमला आणि स्लॅबला लागणारी वाळू आली ती रामनवमीच्या आदल्या दिवशी. आम्ही दरवर्षी रामाच्या उत्सवाला जांब समर्थला जातो. बायको, पोरं गाडीत बसलेली, आणि मी वाटेत दहा मिनिटांसाठी कामावर उतरलो. वाळूतली माती तपासायची रीत अगदी साधी आहे. काचेच्या बाटलीत निम्मी वाळू घ्यायची, पाणी भरायचं, खूप हलवायची आणि दोनेक तास ठेवून द्यायची. माती वर थर धरून बसते, पट्टीनं मोजता येते. दोन तास कोणाकडं होते? मी मूठभर वाळू तळहातावर चोळली, हात झटकला, "चालंल" म्हटलं आणि वाळूवाल्याच्या चलनावर सही ठोकून गाडीत बसलो. जन्मभर दुसऱ्याच्या सहीवर संशय घेतला. स्वतःच्या सहीवर कोण घेतं?

दुसऱ्या दिवशी देवळाच्या गर्दीत सुवर्णाचा फोन आला. "सर, वाळूचं थोडं बोलायचं होतं." भोवती टाळमृदंग चाललेला, अर्धं ऐकू येईना. मी ओरडलो, "वाळू मी बघितलीय. पास केलीय. तुम्ही मला शिकवू नका!" आणि फोन खिशात घातला. पोरगी पुढं काही म्हणाली असेल तर ते मला ऐकू आलं नाही.

चौथ्या दिवशी कामावर गेलो तर कॉलम भरून झालेले. वाळूचा ढीग मात्र चांगलाच खाली बसलेला. आणि त्याच्या बाजूला चिखल, जड गाडीच्या चाकांच्या खुणा. मी ओळखलं, वाळू विकली. आजकाल वाळूला सोन्याचा भाव, रात्रीतून ढीग गायब होतात, त्यात नवल काय? तोंडानं काही विचारलं नाही. खिशातल्या डायरीत टिपून ठेवलं. चोराला सावध करायचं नाही, हा माझा नियम होता.

स्लॅबच्या दिवशी सकाळी गेलो, सळई रांगेरांगेनं मोजली, एकही खोट सापडली नाही. त्याचाही राग आला. दहा वाजता मोठ्या साहेबांचा निरोप आला, बैठक आहे, ताबडतोब या. स्लॅब माझ्या पाठीमागं पडला. दोन दिवसांनी गोण्या मोजायला बसलो. हिशेबानं सगळ्या मिळून दोनशे चाळीस यायला हव्या होत्या. भरल्या दोनशे सदुसष्ट.

सत्तावीस जास्त! कमी भरल्या असत्या तर मला समजलं असतं. पण ठेकेदारानं स्वतःहून जास्तीचं सिमेंट घातलं, असं माझ्या उभ्या नोकरीत झालं नव्हतं. मी एकेक गोणी उलगडून बघू लागलो. दोनशे चाळिसांवर माझी खूण, एका दमात काढलेला गोल. आणि सत्तावीस गोण्यांवरचा गोल दोन तुकड्यांत जोडलेला, टिंब बाजूला घसरलेलं. माझी खूण! कोणीतरी माझी खूण चोरली होती. ऑईलपेंटचा डबा मी तिथंच सिमेंटच्या खोलीत ठेवत असे, गाडीत सांडतो म्हणून. अंगाचा तिळपापड झाला. वाळू विकली, सिमेंटही विकलं असणार, आणि गोण्या घुसवताना आकड्यात गडबड होऊन सत्तावीस जास्त झाल्या. सगळं चपखल बसलं. संशयी माणसाचं हेच वाईट असतं, त्याच्या डोक्यात सगळं चपखल बसतं.

त्याच दुपारी अहवाल लिहिला. वाळूचा अपहार, बनावट खुणा, सिमेंटचा वापर संशयास्पद. आठवड्यात सुवर्णाला नोटीस गेली. काम थांबवा, आणि तुमचं नाव काळ्या यादीत का टाकू नये त्याचा खुलासा करा. जुन्या खोल्या पाडल्यामुळं मारुतीच्या देवळात बसणारी शाळेची पोरं तिथंच राहिली आणि गावात बोललं जाऊ लागलं की दगडूबाच्या पोरीनं शाळा खाल्ली.

बापलेक माझ्या कार्यालयात आले. सुवर्णा सिमेंटच्या पावत्यांच्या झेरॉक्स काढायला खाली गेली, तेवढ्या वेळात दगडूबा माझ्यासमोर उभे राहिले. टोपी हातात घेऊन म्हणाले, "साहेब, त्या खुणा म्या मारल्या."

"काय म्हणता?"

"तुमी देवाला गेल्ते. पोरगी म्हणली, गोण्या आणखी लागतेत. तिनं जालन्याहून आणल्या. पर तुमचा हुकूम व्हता, बिनखुणेची गोणी फोडायची न्हाई. मंग म्या डब्बा घेतला अन् तुमच्यासारखीच खूण केली. बराबर जमली न्हाई, पर समद्या गोण्यांवर केली. एकबी सुटू दिली न्हाई."

हे सांगताना त्या माणसाच्या तोंडावर शाबासकीची अपेक्षा होती. मी हुकूम दिला होता आणि त्यांनी तो पाळला होता. इतकी साधी गोष्ट. मला ऐकू काय आलं? गुन्हा कबूल. मी लेखनिकाला हाक मारली आणि मजकूर सांगितला: साहेबांच्या गैरहजेरीत त्यांच्या खुणेसारखी खूण सत्तावीस गोण्यांवर मी स्वतः केली आहे. मी तो दगडूबांना वाचून दाखवला आणि विचारलं, "जे झालं तेच लिहिलंय. बराबर आहे ना?"

"बराबर हाय, साहेब."

आणि त्यांनी अंगठा दिला. सुवर्णा वर आली तेव्हा ते शाईचा अंगठा धोतराला पुसत होते. "बाबा, कशावर दिला?" तिनं विचारलं. "जे झालं तेच हाय त्याच्यात," ते म्हणाले. तिनं टेबलावरचा कागद वाचला. तिचा चेहरा पांढरा पडला. तरी आवाज न चढवता तिनं पावत्या पुढं ठेवल्या. मी म्हटलं, "पावत्या काय, पाहिजे तेवढ्या मिळतात." मग तिनं पिशवीतून एक काचेची बाटली काढली. खाली वाळू, वर मातीचा बोटभर थर. "सर, ही बाटली एकदा बघा. फक्त बघा."

"बाटलीत कोणतीही माती घालून आणता येते, मॅडम."

तिनं बापाचा हात धरला आणि दोघं निघून गेली. वाळू तुम्हीच पास केली होती, हे एक वाक्य ती बोलली असती तर मी तिथंच खल्लास होतो. ती बोलली नाही. साहेबाला साहेबाच्या कार्यालयात, लेखनिकासमोर खोटं पाडायचं नसतं, हे तिला घरातून शिकवलेलं असावं. किंवा तिला कळलं असेल की हा माणूस ऐकणार नाही. मी लेखनिकाला म्हटलं, "बघितलं? खाई त्याला खवखवे." तो हसला नाही.

मोठ्या साहेबांनी कोअर काढायला लावला. म्हणजे तयार स्लॅबला यंत्रानं भोक पाडून आतला गोल तुकडा बाहेर काढायचा आणि तो फोडून बघायचा. ह्यात घरचे ठोकळे चालत नाहीत, इमारतच साक्ष देते. निकाल आला. हवी त्यापेक्षा ताकद जास्त. मी म्हटलं, प्रयोगशाळा मॅनेज झाली. भांडून दुसरा तुकडा काढायला लावला आणि तो स्वतः मांडीवर घेऊन एसटीनं दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत गेलो. यंत्राजवळून हललो नाही. तोही पास झाला, पहिल्यापेक्षा जरा बरा.

परतताना एसटीत बसून मी विचार करत होतो, आता संशय घ्यायचा तरी कोणाचा? पोरीचा नाही, बापाचा नाही, यंत्राचा नाही. दुसऱ्या दिवशी गफूरमिस्त्रींना शोधत गेलो. ते भोकरदनला एका घराची भिंत उचलत होते. मला बघून पायाडावरून उतरले नाहीत.

"मिस्त्री, त्या शाळेत काय झालं?"

"आता विचारून राह्यले, साब?"

"सांगा तरी."

थापी बाजूला ठेवून ते म्हणाले, "बुरा नका मानू. रेतीत माती लई व्हती. म्या पोरीला म्हणलं, परत लाव. वाळूवाला म्हणला, साहेबाची सही झाली, आता परत न्हाई घेत. पोरीनं तुम्हाला फोन लावला. तुम्ही झिडकारलं. मंग तिनं टँकर आणला, बायका लावल्या, चाळणीवर रेती धुतली. माती गेली, ढीग खाली बसला. तरी तिला भरोसा नव्हता. म्हणली, चाचा, खाली लेकरं बसणार, मालाच्या प्रत्येक घाण्याला सिमेंट जास्त टाका. खर्चा तिचा. म्या टाकलं. बस."

"मग तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुम्ही कोणाचं ऐकता, साब?"

कार्यालयात येऊन वाळूचं चलन काढलं. खाली माझी सही, घाईत केलेली, पण माझीच. काय सांगू तुम्हाला, लाज वाटली. वीस-बावीस गावांत मी चोर शोधत फिरलो आणि जिथं चोरी नव्हती तिथं एका म्हाताऱ्याचा अंगठा घेऊन आलो.

मग मी काय केलं, तेही सांगतो. सांगणार नव्हतो, पण अर्धं सांगणं म्हणजे परत घरचा ठोकळा पाठवण्यासारखं होईल. मी टिपण लिहिलं: कोअर चाचणी समाधानकारक, सबब पुढील कारवाई थांबवावी. वाळूबद्दल एक अक्षर नाही, हुकमाबद्दल एक अक्षर नाही. निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती. कोण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो? नोटीस मागं घेतली गेली, सुवर्णानं काम पुरं केलं, पोरं देवळातून खोल्यांत गेली.

ती परत एकदा भेटायला आली. म्हणाली, "सर, नोटीस मागं घेतली, बरं झालं. पण बाबाचा अंगठा अजून फायलीत हाय. पुढच्या सोडतीत नाव आलं की साहेब लोक फाईल उघडतात, तो कागद वाचतात अन् नाव बाजूला ठेवतात. दोनदा झालं. तेवढा काढता येईल का?"

"फायलीतलं पान निघत नसतं. नंबर पडलेले असतात."

"मंग त्याच्या पुढचं पान तुम्ही लिहा, सर." पहिल्यांदाच तिनं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. "काय झालं ते तुम्हाला माहीत हाय."

मी म्हटलं, "बघतो." सरकारी कार्यालयात बघतो म्हटल्यावर काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. अकरा महिने मी बघत राहिलो. तिसऱ्या सोडतीतही ती मागं पडली. घरात सोयरिकीची बोलणी परत सुरू झाल्याचं गफूरमिस्त्रींकडून कळलं. दगडूबा आता कुठल्याच कामावर जात नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. "म्हणतो, माझ्या हातानं पोरीचं वाटोळं झालं," मिस्त्री म्हणाले.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मी ते पान लिहिलं. वाळू न तपासता मी पास केली. ठेकेदारानं ती स्वखर्चानं धुतली आणि जास्तीचं सिमेंट वापरलं. खुणेशिवाय गोणी फोडू नये हा हुकूम माझा होता, तो पाळण्यासाठीच दगडूबांनी खूण केली. दोष सर्वस्वी माझा. मोठे साहेब वाचून म्हणाले, "आता जाता जाता कशाला हे?" त्यांना मी काय सांगणार? जाता जाताच जमलं, आधी हिंमत नव्हती. पुढच्या सोडतीत सुवर्णाला अंगणवाडीचं काम लागलं. मी निवृत्त झालेलो होतो, त्यामुळं माझं काही वाकडं झालं नाही. ह्याचं समाधान वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाही.

त्या पानाची नक्कल घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. सुवर्णा तिच्या नव्या कामावर होती. दगडूबा अंगणात तुरीच्या तुऱ्हाट्यांचा खराटा बांधत बसले होते. मला त्यांनी ओळखलं. बसा म्हणाले, घरात पाणी आणायला सांगितलं. मी बसलो आणि एकदम बोलून टाकलं.

"दगडूबा, चूक माझी होती. खराब वाळू मी पास केली. तुमच्या पोरीनं शाळा वाचवली. तुम्ही माझा हुकूम पाळला, दुसरं काही केलं नाही. हे मी सरकारला लिहून दिलंय. ही त्याची नक्कल, तुमच्यासाठी आणली."

कागद मी पुढं धरला. ते कागदाकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. खराटा खाली ठेवला आणि दोन्ही हात काखेत घातले.

"साहेब, आता आणखी कशावर अंगठा पायजे?"

"अंगठा नको हो, दगडूबा. सही माझीच आहे. जे झालं तेच लिहिलंय ह्यात."

"तवाबी तुमी हेच म्हणले व्हते."

कागद माझ्या हातातच राहिला. पाण्याचा तांब्या आला, तो मधेच राहिला. शेवटी त्यांनी हनुवटीनं उंबऱ्याकडं खूण केली. "ठिवा तिथं. पोरगी आली का वाचंल."

"ती संध्याकाळी येईल. मी वाचून दाखवू का?"

"न्हाई," दगडूबा म्हणाले. "तुमी नका वाचू."